वजिरासमोरचं प्यादं दोन घरं

गावात पारावर बुद्धिबळाचा जो देशी डाव खेळल्या जातो, त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. तालुक्याच्या स्पर्धेत ते दोन घरं जातं, आणि डी४, डी५, सी४ ही सुरुवात त्याच्याच जोरावर आहे: पांढरा म्हणजे तुम्ही डी४, काळा डी५, तुम्ही सी४. (पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या रांगा ए ते एच, त्याच्याकडून आडव्या १ ते ८. नुसतं घराचं नाव असलं तर चाल प्याद्याची.)

सी४ चं प्यादं फुकट दिलेलं नाही. काळ्यानं ते मारलं तर ई३ खेळा. तो बी५ नं ते राखायला गेला की ए४. त्यानं सी६ केलं की ए च्या प्याद्यानं बी५ वर मारा. सी च्या प्याद्यानं उलट मारलं, की वजीर एफ३ वर! ए८ च्या हत्तीपर्यंतची तिरपी रेघ मोकळी झाली. तो वाचवायचा तर घोडा किंवा उंट जातोच.

जाणता खेळाडू मारत नाही, ई६ खेळतो. मग तुमचा घोडा सी३, त्याचा घोडा एफ६, तुमचा उंट जी५, आणि काळ्याचा घोडा बी८ वरून डी७ वर. आता डी५ वर प्यादी मारून घेतली, की भले भले फसतात. एफ६ चा घोडा वजिरापुढे अडकलेला दिसतो, हलला तर मागचा वजीर जाईल असं वाटतं, म्हणून पोट्टे सी३ च्या घोड्यानं डी५ चं प्यादं उचलतात. काळा खुशाल घोड्यानं घोडा मारतो. तुम्ही उंटानं डी८ चा वजीर घेता, तर त्याचा उंट बी४ वर येऊन शह देतो. सी३ चा घोडा गेलेला, त्यामुळे मध्ये घालायला फक्त वजीरच उरतो. मारामारी संपते तेव्हा हाती एक प्यादं, आणि घोडा गेलेला. पटावर मांडून बघा. मोहरं हरवलं असेल तर सरकी ठेवली तरी चालते.

त्याऐवजी ई३, उंट डी३, वजीर सी२, घोडा एफ३, किल्लेकोट (राजा दोन घरं हत्तीकडे, हत्ती त्याला ओलांडून शेजारी). काळ्यानं सी६ केलं, की हत्ती ए१ वरून बी१ वर, मग बी४, बी५. ए५ आडवं आलं तर आधी ए३. बी५ नं सी६ वर मारल्यावर आणि त्यानं बी च्या प्याद्यानं उलट मारल्यावर काळ्याचं सी६ चं प्यादं मागे पडतं, त्याला प्याद्याचा आधार उरत नाही. हत्ती सी१ वर आणून त्यावर जोर वाढवत न्या. मात्र किल्लेकोटाआधी बी४ ची घाई नको, आणि डी३ चा उंट सहज हलवू नका. ई४ च्या घरावर त्याचाही धाक आहे. तो हलला की काळ्याच्या घोड्याला तिथे ठाण मांडणं सोपं जातं.

किल्लेकोट करताना आधी राजाला हात लावायचा. हत्ती आधी उचलला तर त्या चालीला त्या बाजूचा किल्लेकोट होत नाही, हत्तीच चालवावा लागतो.