खालच्या डिव्हिजनच्या क्लबवर जीव जडला असेल तर

माझ्याकडे सतरा सीझनच्या सतरा वह्या आहेत. प्रत्येक मॅचनंतर मी तीन ओळी लिहिते: काय दिसलं, कोण आवडलं, मला कसं वाटलं. स्कोअर सगळ्यात शेवटी. तुमचाही फुटबॉल क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये असेल आणि हरल्यावर घरी येऊन कुणाशी बोलवत नसेल, तर आधी एक वही ठेवा. हरलेल्या मॅचची चार दिवसांनी नुसती हारच लक्षात राहते, बाकी सगळं पुसलं जातं. माझ्या एका पानावर पावसातली 0-0 मॅच आहे. टेबलमध्ये तिचा फक्त एक पॉइंट दिसतो. वहीत मात्र लिहिलंय की आमच्या राइट-बॅकच्या पायात गोळा आला होता, तरी तो अर्धं मैदान मागे धावत आला, बॉल गोललाइनवरून काढला, आणि उठला तेव्हा चिखलाने त्याच्या पाठीवरचा नंबर दिसत नव्हता.

लोक सांगतील, फार जीव लावू नका, अपेक्षाच ठेवली नाही की त्रास होत नाही. मी एक अख्खा सीझन तसं करून पाहिलं. त्या वर्षी आम्ही नव्वदाव्या मिनिटाला एक मॅच जिंकलो, आजूबाजूचे लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते आणि मी शांतपणे टाळ्या वाजवत उभी होते. त्या वर्षीची वही सगळ्यांत पातळ आहे. हा सल्ला ऐकू नका.

आशा ठेवा, फक्त तिचे तुकडे करा. इंग्लंडच्या चौथ्या स्तरावर, म्हणजे लीग टूमध्ये, 24 क्लब असतात आणि प्रत्येकाच्या 46 मॅच. पहिले तीन थेट वर जातात, चार ते सात नंबरवाले प्ले-ऑफ खेळतात आणि त्यातला एक वर जातो, खालचे दोन लीगबाहेर, म्हणजे पाचव्या स्तरावर, पडतात. तुमच्या लीगचे आकडे वेगळे असतील, पण इतक्या लांबच्या प्रवासात रोज टेबल बघत बसलात तर ऑक्टोबरपर्यंतच थकून जाल. मी सहा-सहा मॅचचे गट करते. जिंकलं की तीन पॉइंट, बरोबरीला एक; सहा मॅचमध्ये आठ पॉइंट मिळाले की तो गट आमच्यासाठी ठीक गेला. एका शनिवारी 4-0 ने मार खाल्ला तरी गट अजून हातात असतो, आणि मंगळवारी रात्री परत मैदानावर जायला पाय उचलतो.

आणि मॅच संपायच्या आधी उठू नका. 8 मे 1999 ची गोष्ट या स्तरावरच्या प्रत्येक चाहत्याला ठाऊक असायला हवी. कार्लाइल युनायटेडला लीगमध्ये टिकायला प्लिमथला हरवावंच लागणार होतं. 1-1, इंज्युरी टाइमची, म्हणजे नव्वद मिनिटांनंतरच्या वाढीव वेळेची, चार मिनिटं उलटलेली, कॉर्नर मिळाला. लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून उसना आलेला गोलकीपर जिमी ग्लास स्वतःचा गोल सोडून पुढे धावला आणि परत आलेला बॉल त्याने आत मारला. कार्लाइलसाठी तो एकूण तीनच मॅच खेळला. मला या गोष्टीची दुसरी बाजू जास्त छळते. कार्लाइल वाचला तर त्याच्याऐवजी स्कारबरो खाली जाणार होता, आणि स्कारबरोची मॅच तोवर 1-1 ने संपली होती. आपण वाचलो असं समजून त्यांचे चाहते मैदानात उतरून नाचत होते, आणि तिथेच त्यांना तो गोल कळला. स्कारबरो खाली गेला, आणि 2007 मध्ये तो क्लबच बंद पडला. म्हणून शेवटच्या दिवशी दुसऱ्या मैदानावरचा स्कोअर कुणी ओरडून सांगितला तर लगेच उड्या मारू नका. तिकडची आणि आपली, दोन्ही मॅचची शेवटची शिट्टी होऊ द्या.

खेळाडूंचं सांगते, कारण तिथे मन सगळ्यात लवकर दुखतं. आपल्याकडे चांगला खेळला की जानेवारीत वरचा क्लब त्याला घेऊन जातो. लोनवरचा असेल तर त्याचा क्लब त्याला परत बोलावतो. पहिल्या वेळी मी आठवडाभर रुसले होते. आता मी दोन गोष्टी करते. करारात सेल-ऑन आहे का ते बघते, म्हणजे तो खेळाडू पुढे पुन्हा विकला गेला तर आपल्याला वाटा मिळणार का. छोट्या क्लबचे कित्येक महिन्यांचे पगार अशा वाट्यातून निघू शकतात. आणि त्याच्या पुढच्या क्लबमधल्या पहिल्या गोलची तारीख त्याच्याच पानावर लिहून ठेवते. तो गेला तरी ते पान माझ्याकडेच असतं.

कपमध्ये मोठ्या क्लबशी गाठ पडली तर तो दिवस सण म्हणून घ्या, त्यावर सीझनचा हिशेब लावू नका. 2008-09 मध्ये आर्थिक गैरव्यवहार आणि दिवाळखोरीच्या नियमांचा भंग यांपायी लीग टूमधल्या ल्यूटन टाउनचे 30 पॉइंट कापले होते. त्याच सीझनमध्ये त्यांनी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर एक स्तर वरच्या स्कन्थॉर्पला 3-2 ने हरवून फुटबॉल लीग ट्रॉफी हा खालच्या स्तरांवरच्या क्लबचा कप जिंकला, आणि काही दिवसांतच ते लीगबाहेर गेले. परत यायला 2014 उजाडलं, आणि 2023 मध्ये ते प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या स्तरावर, पोचले. वेम्बलीवर रडणाऱ्यांतल्या कुणाला यातलं काय दिसत असणार?

हरण्याहून मोठी भीती पैशांची असते, आणि तिच्याकडे पाठ फिरवू नका. इंग्लंडमधल्या बरी गावाचा क्लब 1885 चा, दोनदा एफए कप जिंकलेला. 2019 च्या वसंतात तो लीग टूमधून वर गेला, लोक रस्त्यावर नाचले. 27 ऑगस्टला त्याला लीगमधून काढून टाकलं, कारण पैसे असल्याचा पुरावा मालकाला देता आला नाही. पॉइंट टेबल बघता तसेच क्लबचे वार्षिक हिशेबही बघायला शिका. पगार उशिरा होतायत का, मैदान कुणाच्या नावावर आहे, कर थकलाय का, एवढे तीन प्रश्न पुरतात. मैदान क्लबच्या मालकीतून काढून दुसऱ्या कंपनीच्या नावावर केलं जात असेल तर तेव्हाच आवाज उठवा, चाहत्यांची संघटना असेल तर सभासद व्हा. लंडनमधल्या विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्स या दुसऱ्याच शहरात हलवायला 2002 मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी काही आठवड्यांत नवा क्लब काढला, खुल्या मैदानावर खेळाडूंच्या चाचण्या घेतल्या आणि नवव्या स्तरापासून सुरुवात केली. 2011 मध्ये ते लीगमध्ये परतले. 2020 मध्ये ते प्लाउ लेनवर, आपल्या भागात, परत आले.

हतबल वाटतं तेव्हा हाताला काम द्या, हा माझा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. बर्लिनमध्ये युनियन या क्लबच्या दोन हजारांहून जास्त चाहत्यांनी 2008-09 मध्ये राबून आपलं जुनं स्टेडियम नव्याने बांधून काढलं. माझं काम त्यामानाने लहान. रात्रभर पाऊस झाला की सकाळी आम्ही वीस-पंचवीस जण दाताळी घेऊन मैदानावर जातो आणि पाणी मुरावं म्हणून गवतात टोचत राहतो. दाताळं आत जाताना बुळूक असा आवाज होतो, वर काढलं की भोकातून हवेचे बुडबुडे येतात. मग रेफरी येतो, बॉल सोडून बघतो. बॉल उसळला की मॅच होणार. त्या दुपारी आम्ही हरलो तरी माझ्या मनात कडवटपणा राहत नाही.

आणि खाली जाण्याचा दिवस. तो येईल असं धरून चला, पण त्याची तयारी आधीपासून करत बसू नका. त्या दिवशी दोनच गोष्टी सांभाळा. शिट्टीनंतर पाच मिनिटं स्टँडमध्येच थांबा, आणि खेळाडूंना शिव्या देऊ नका. आमचा गोलकीपर शिट्टीनंतर गोलपोस्टला टेकून बसला होता, ग्लोव्ह्ज काढून मांडीवर ठेवलेले. कुंपणापाशी उभ्या एका पोराने त्याचं नाव घेतलं, एकदाच, हळू. त्याने मान वर केली, उठला, आणि दोन्ही ग्लोव्ह्ज त्या पोराच्या हातात देऊन ड्रेसिंग रूमकडे जाणाऱ्या बोगद्याकडे चालू लागला. मला त्या सीझनमधलं एवढंच पान पाठ आहे.

घरी आल्यावर त्या रात्री टेबल बघू नका, कुणाशी वाद घालू नका, लवकर झोपा. पण पुढच्या सीझनचं तिकीट विक्रीला आलं की लगेच काढा. उन्हाळ्यात गेटचे पैसे येत नाहीत, पगार मात्र चालूच असतात, आणि जून-जुलै तरून जायला क्लबला तुमचे ते पैसे लागतात. शक्यतो तीच सीट घ्या. माझ्या डाव्या हाताला बसणाऱ्या आजोबांनी दरवर्षी तेच केलं, म्हणून ऑगस्टमध्ये मी पोचते तेव्हा ते आधीच येऊन बसलेले असतात.