पाऊस लागला की कोंबड्यांच्या चोचीला काम द्या, नाहीतर त्या एकमेकींची पिसं उपटतील

मुंबईत मान्सून साधारण ११ जूनच्या आसपास येतो आणि मग गोराई, मनोरी, मढ, एरंगळ, आरेतले पाडे, वर्सोव्याचा कोळीवाडा, मरोळची गावठाणं, जिथे जिथे घरामागे चार-दहा कोंबड्या आहेत तिथे एकच गोष्ट होते, उन्हाळाभर नारळाखाली उकरत फिरणाऱ्या कोंबड्या खुराड्यात बंद होतात. एकट्या जुलैत सांताक्रूझला सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे दोन दिवसांनी सोडू म्हणता म्हणता आठवडे निघून जातात. मग कुणाच्या शेपटीच्या वर टक्कल दिसायला लागतं, कुठे अंड्यावर रक्त लागलेलं असतं, एखादी तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, कोपऱ्यात डोकं घालून उभी असते, आणि लोक घाबरून विचारतात की कुठला रोग आला. बऱ्याचदा रोग नसतो हो, चोच रिकामी असते.

कोंबडी मूळची रानातली, लाल रानकोंबड्याची वंशज, आणि रानात तिचा जागेपणीचा बहुतेक वेळ पाला उकर, चोच मार, दोन पावलं पुढे जा यातच जातो. घरात आणून कितीही पिढ्या झाल्या तरी ही खोड जात नाही. पोट भरलं तरी तिला शोधायचं असतंच. आपण भांड्यात खाद्य ओततो, थोड्या वेळात तिचं पोट भरतं आणि उरलेला आख्खा दिवस मोकळा, मग समोर जे येईल त्याला चोच, आणि बंद खुराड्यात समोर असते ती शेजारीण. एकीने सुरू केलं की बाकीच्या बघून शिकतात आणि एकदा लाल रक्त दिसलं की थांबवणं फार कठीण जातं, म्हणून हे सगळं टक्कल दिसायच्या आधी करायचं.

सगळ्यात आधी खालची गादी. लोक खेळणी, झोपाळे, आरसे असलं काय काय विचारतात पण माझं ठाम मत आहे की कोरडी, जाड, भुसभुशीत गादी हेच कोंबडीचं सगळ्यात मोठं खेळणं आहे, कारण त्यात ती दिवसभर उकरू शकते. भाताचं तूस, लाकडाचा भुसा किंवा सुकलेला बारीक पाला, पावसाळ्यात किमान ४ इंच तरी थर ठेवा. मूठभर घेऊन दाबून बघा, लाडू वळला तर ओली आहे, लगेच विस्कटून गेली तर ठीक. ओल्या गादीत कोंबडी उकरत नाही, वर अमोनियाचा वास डोळ्यात जातो आणि रक्ती हगवणीचे जंतू वाढतात, म्हणजे करमणूकही गेली आणि तब्येतही गेली. रोज सकाळी खराट्याने किंवा पंजाने गादी खालीवर करा, पाण्याच्या भांड्याभोवतीची ओली झालेली काढून तिथे नवीन टाका, आणि पाण्याचं भांडं विटांवर कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा म्हणजे सांडणं बरंच कमी होतं. पावसाची तिरपी झड मुंबईत बहुतेक नैऋत्येकडून येते, ती बाजू बंद करा पण वरची हवा खेळती राहू द्या, सगळं खुराडं ताडपत्रीत गुंडाळून टाकू नका. आणि ताडपत्रीच्या फाटलेल्या कडेचे निळे धागे कोंबड्या गांडूळ समजून ओढतात, ते गिळले की गळ्याखालच्या पिशवीत गोळा होऊन अडकतो, म्हणून कडा दुमडून वर बांधा.

आता गादी कोरडी झाली की तिच्यात दाणे लपवा. एका मोठ्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं, ते सगळं भांड्यात देण्यापेक्षा मुख्य खाद्य भांड्यात आणि वर १०-१५ ग्रॅम ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची कणी गादीत लांबवर विखरून टाका, निम्मी सकाळी आणि निम्मी संध्याकाळी झोपायला दांडीवर चढायच्या तासभर आधी. एका जागी ढीग नको, नाहीतर दांडगी कोंबडी तिथेच ठाण मांडते. कोंबड्यांमध्ये कोण कुणाला चोच मारणार याचा क्रम ठरलेला असतो, नॉर्वेच्या शेल्डेरुप-एब्बे नावाच्या माणसाने १९२० च्या दशकातच हे लिहून ठेवलंय, आणि बंद जागेत खालच्या क्रमांकाच्या कोंबडीला पळायला जागा नसते, म्हणून जे काही द्याल ते दोन-तीन ठिकाणी द्या. खुराड्यात एखादी आडवी फळी किंवा तिरकं टेकवलेलं फाटकं सूप ठेवलं तरी तिला आड व्हायला जागा मिळते, ही साधी गोष्ट खूप मारामाऱ्या वाचवते.

पालेभाजी टांगायची. कोबीचा गड्डा, माठाची जुडी, पालक, शेवग्याच्या डहाळ्या, मुळ्याचा पाला, चोचीच्या जरा वर येईल असं काथ्याने बांधून टांगा म्हणजे प्रत्येक चोचीला ते हलतं आणि काम लांबतं. जमिनीवर टाकलेली तीच भाजी पाच मिनिटात पायाखाली चिखल होते. कोबीला मधून काडी आरपार घालून तिला काथ्या बांधला की शेवटच्या पानापर्यंत टिकतो. कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून टांगू नका, त्यात नखं अडकतात आणि जाळीचे धागे पोटात जातात. भाजीबाजारात संध्याकाळी कोबीची वरची पानं आणि फ्लॉवरचे दांडे फुकट मिळतात, ते धुवून द्या. सडलेलं, काळं पडलेलं मात्र अजिबात नाही. कण्हेर आणि घाणेरी अंगणात असेल तर त्याच्या फांद्या चुकूनही आत जाऊ देऊ नका, आणि हिरवी पडलेली बटाट्याची सालं, कच्चा राजमा, एवोकॅडो हेही नाही.

रिकाम्या १ लिटरच्या पाण्याच्या बाटलीला ज्वारीचा दाणा निसटेल एवढी पाच-सहा भोकं पाडा, कडा घासून घ्या, अर्धी ज्वारी भरा आणि आत टाका. पहिल्या दिवशी त्या घाबरून लांब उभ्या राहतील, एखादी धीट चोच मारेल, दाणा पडेल, आणि बाकीच्यांना कळायला वेळ लागत नाही. मोड आलेले मूग किंवा गहू पण छान, पण मुंबईच्या दमट हवेत त्याला लगेच बुरशी धरते, म्हणून मोड दिसले की त्याच दिवशी संपवा. बुरशीचं मी परत परत सांगतो कारण पावसाळ्यात त्यानेही कोंबड्या जातात, बुरशी लागलेला मका, शिळे पाव, खाद्याचं ओलं झालेलं पोतं, यातलं विष उकळून किंवा वाळवून जात नाही. पोतं जमिनीवर आणि भिंतीला टेकवून ठेवू नका, झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि पंधरा दिवस पुरेल एवढंच आणा.

आपल्याकडे बरेच जण कोंबड्यांना नुसता उरलेला भात आणि पाव घालतात, आणि मग म्हणतात पिसं का खातात. अंडी देणाऱ्या कोंबडीला खाद्यात १६ ते १८ टक्के प्रोटीन लागतं, भातात ते कुठून येणार, आणि पीस म्हणजे प्रोटीनच, म्हणून ती शेजारणीच्या अंगावरून घेते. अशा वेळी कितीही कोबी टांगा, उपयोग नाही. लेअरचं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं, तयार खाद्य हा पाया ठेवा आणि त्यावर चिमूटभर सुका जवळा गादीत विखरून द्या, उकरायला यापेक्षा आवडती गोष्ट नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा कोळीवाड्यात सुकवलेला माल घरात असतोच. फक्त बिनमिठाचा जवळा हवा, खारवलेले मासे नकोत, जास्त मीठ कोंबडीला विषासारखं आहे. तिसऱ्यांची शिंपलं फेकू नका, धुवून, भाजून, जाडसर कुटून वेगळ्या वाटीत ठेवा, कवचाला लागणारं कॅल्शियम त्या आपल्या गरजेप्रमाणे घेतात.

धूळस्नान लोक विसरतात. कोंबडी साधारण एक दिवसाआड, बहुतेक दुपारच्या सुमाराला, वीस-पंचवीस मिनिटं धुळीत लोळते, पिसांमधला तेलकटपणा आणि उवा त्याने निघतात, आणि पावसात बाहेर कोरडी धूळच नसते. जुना टब किंवा टायर घ्या, मे महिन्यातच चाळून गोणीत भरून ठेवलेली माती, वाळू आणि चुलीची राख मिसळा, साताठ इंच भरा आणि छपराखाली कोरड्या कोपऱ्यात ठेवा. माती राहून गेली असेल तर बांधकामाची बारीक वाळू तव्यावर सुकवून घेतली तरी चालते. राख लाकडाचीच हवी, प्लास्टिक जाळलेली नको, आणि त्यात चुना मिसळू नका, डोळे आणि पाय भाजतात.

बसायच्या दांड्यांवर प्रत्येकीला ६ ते ८ इंच जागा द्या आणि एक दांडी खाली, एक वर, म्हणजे दिवसाही चढउतार होते. फार उंच नको, उडी मारून कडक फरशीवर आपटल्या की तळपायाला गाठ येते. अंड्यांची पेटी अंधारी हवी, चार-पाच कोंबड्यांना एक, कारण अंडं देताना मागची जागा लाल आणि ओली दिसते आणि उजेडात बाकीच्या तिथेच टोचतात. ढगाळ दिवसात अंडी कमी होतात म्हणून लोक पांढरा कडक एलईडी लावतात. मुंबईत सर्वात मोठा दिवसच साधारण सव्वातेरा तासांचा, आणि अंड्यासाठी १४-१५ तास उजेड लागतो हे खरंच आहे, पण कडक उजेडात टोचाटोची वाढते, तर कमी वॉटचा पिवळा दिवा लावा आणि तोही पहाटेच, म्हणजे संध्याकाळी अंधार आपसूक पडतो आणि त्या वेळेवर दांडीवर जातात.

गटारीच्या चार दिवस आधी कोंबडा विकत आणून आपल्या कोंबड्यांतच बांधायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, हे अजिबात करू नका. नवा पक्षी आला की क्रम नव्याने ठरतो, बंद जागेत रक्त निघेपर्यंत भांडणं होतात, आणि त्याच्यासोबत मानमोडी (राणीखेत रोग) येऊ शकते, ज्यावर लस आहे पण औषध नाही. त्याला दूर, वेगळ्या भांड्यात खायला द्या.

कुणाला जखम झालीच तर ती कोंबडी लगेच बाजूला काढा, जखम धुवून जांभळं औषध (जेन्शन व्हायोलेट) लावा म्हणजे लाल रंग दिसत नाही, आणि पूर्ण भरल्याशिवाय परत सोडू नका. टोचणारी ओळखा, बहुतेक एक किंवा दोनच असतात, तिला तीन-चार दिवस वेगळं ठेवा, परत आली की तिचा तोरा उतरलेला असतो. पाठीवरचंच टक्कल असेल तर कोंबडे किती आहेत बघा, आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो. आणि जी पिसं फुलवून डोळे मिटून बसली आहे, खायला येत नाही, तिला करमत नाहीये असं समजू नका, ती आजारी आहे, पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. तुऱ्यावर खपल्यांसारखे फोड दिसले तर कोंबड्यांचा देवी रोग असू शकतो, तो डासांमार्फत पसरतो, म्हणून आजूबाजूच्या करवंट्या, टायर, कुंड्यांखालच्या बशा यातलं साठलेलं पाणी ओतून टाका.

गणपती झाले की सजावटीचा थर्माकोल, चमकी, हारांचे दोरे अंगणात पडलेले असतात आणि तेवढ्यात उघडीप मिळाली म्हणून आपण कोंबड्या सोडतो. थर्माकोल त्या वेड्यासारखा खातात, पचत नाही. आधी अंगण झाडून घ्या. बाजारच्या झेंडूवर फवारणी असू शकते, तो नको, घरच्या झाडाचा असेल तर पाकळ्या खुशाल द्या, बलक छान पिवळा होतो.

पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरात पिसं गळायला लागली तर घाबरू नका, टकलाच्या जागी काड्यांसारखी कोवळी पिसं उगवताना दिसली की ती कात टाकणं आहे, टोचणं नाही. टोचण्यात पिसं अर्धवट तुटलेली असतात आणि ती शेपटीच्या बुडाशी आणि मागच्या बाजूलाच जास्त. कोवळ्या पिसात रक्त असतं, त्याला टोचलं तर भळाभळा येतं, त्यामुळे नेमक्या याच दिवसात जवळ्याचं प्रमाण थोडं वाढवा, अंडी थांबली म्हणून खाद्य कमी करू नका, आणि टांगायचा पाला रोज बदला.