कॉलेजच्या समितीवर तंत्रज्ञानाचा सल्ला देताना

सांगली-मिरजेत किंवा कुपवाड एमआयडीसीत तांत्रिक काम करणाऱ्याला जवळच्या कॉलेजातून विचारणा होते: समितीवर येता का? आधी विचारा, कोणत्या. महाविद्यालय विकास समिती असेल (महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६, कलम ९७), तर अंदाजपत्रक आणि खरेदीवर बोलता येतं. आयक्यूएसी (कॉलेजचा अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) असेल, तर कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सूचनांप्रमाणे नेमलेल्या सदस्याची मुदत दोन वर्षं, दर तिमाहीला किमान एक बैठक आणि कोरम (बैठकीला लागणारी किमान हजेरी) दोन तृतीयांश. स्वायत्त कॉलेजच्या अभ्यास मंडळावर विषय अभ्यासक्रमाचा. एवढा वेळ निघणार नसेल तर आत्ताच नाही म्हणा. रिकाम्या खुर्चीमुळे कोरम अडतो.

नेमणूक लेखी घ्या. तुमचं किंवा घरातल्या कुणाचं कॉम्प्युटरचं दुकान असेल, तर ते पहिल्याच बैठकीत लेखी द्या. खरेदीचा विषय निघाला की बाहेर बसा आणि तशी नोंद इतिवृत्तात होऊ द्या. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून हे जास्तच पाळावं.

खरं काम बैठकीच्या आदल्या आठवड्यात होतं. विषयपत्रिका, मागचं इतिवृत्त आणि डेड स्टॉक रजिस्टर (कॉलेजच्या टिकाऊ सामानाची नोंदवही) मागवा आणि लॅबमध्ये स्वतः जाऊन उभे राहा. कागदावरचे ४० संगणक प्रत्यक्ष सुरू करा, किती चालू होतात ते मोजा.

नेटची तक्रार असेल तर सकाळी ११ वाजता, वर्ग भरलेले असताना, स्पीड दोन ठिकाणी तपासा: राउटरजवळ आणि केबल जोडलेल्या शेवटच्या संगणकावर. राउटरपाशी १०० एमबीपीएस आणि शेवटी ८ मिळत असतील, तर दोष बहुधा जुन्या नेटवर्क स्विचचा (संगणकांच्या केबल एकत्र जोडणारा डबा) किंवा केबलचा. अशा वेळी मोठा प्लॅन घेणं म्हणजे पैसे पाण्यात. दोन्हीकडे सारखंच कमी असेल तर हिशेब करा: एका एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस, ४० जणांनी एकदम लावला तर २००.

यूपीएसचा मेन बंद करून घड्याळ लावा. मुलांना आधी काम सेव्ह करायला सांगा. १० मिनिटंही टिकला नाही तर बॅटऱ्या बहुधा संपल्या. मग मल्टिमीटरने सॉकेटमधल्या न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज बघा. ३ व्होल्टच्या वर गेला तर इलेक्ट्रिशियन बोलवायला सांगा. जत-आटपाडीकडे उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगचा खड्डा काम करेनासा होतो. पाणी घालायचं कुणी, हेच ठरलेलं नसतं. स्मार्ट बोर्ड 'सारखे बिघडतात' त्यामागे कधीकधी एवढंच असतं.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लगेच सगळे संगणक भंगारात काढायचा प्रस्ताव आला तर थांबवा. विंडोज ११ घेऊ शकणारी यंत्रं वेगळी मोजा. उरलेल्यांत २५६ जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) आणि ८ जीबी रॅम घालून उबुंटू ही विंडोजऐवजी वापरायची मोफत प्रणाली चालते. प्रोग्रामिंगच्या प्रात्यक्षिकांना ती पुरते. अकाउंटिंगच्या पॅकेजला विंडोज लागतं, म्हणून विभागप्रमुखांना विचारल्याशिवाय आकडा ठरवू नका.

संशोधनाच्या बाजूने ग्रंथपालांना भेटा. इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या एन-लिस्ट योजनेतून कॉलेजांना ई-जर्नल्स मिळतात. लॉगिन किती प्राध्यापकांकडे आहे आणि कितीजण वापरतात, ते पाहूनच नव्या वर्गणीवर बोला.

कृष्णाकाठच्या कॉलेजात आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: सर्व्हर कुठल्या मजल्यावर आहे? २०१९ आणि २०२१ चा पूर आठवत असूनही तळमजल्यावर यूपीएस ठेवलेले दिसतात. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. ४० ला सामान वर हलवायचं, चाव्या कुणाकडे, गडी किती लागतील, हे जूनच्या आधी ठरवून घ्या. बॅकअपची एक प्रत गावाबाहेर हवी.

बैठकीत ठराव नेमका लिहून घ्या. 'लॅबचे आधुनिकीकरण करावे' असं लिहिलं तर वर्षभर काही हलत नाही. 'लॅब क्र. २ मधील २४ संगणकांना एसएसडी व रॅम बसवावी. तीन दरपत्रके १५ जुलैपर्यंत. जबाबदारी लॅबप्रमुख' असं लिहा. इतिवृत्ताचा मसुदा आठ दिवसांत मागवा, आकडे जुळवा आणि मगच सही करा. पुढच्या बैठकीत पहिला विषय त्या २४ संगणकांचा घ्यायला लावा.