जुन्या डिपेंडन्सींमधल्या सुरक्षा-त्रुटी काढताना या चुका टाळा

जावा प्रोजेक्टच्या पोम फाइलमध्ये (डिपेंडन्सी, म्हणजे बाहेरून घेतलेल्या लायब्ररी, जिथे लिहिलेल्या असतात) व्हर्जनचा आकडा बदलला, बिल्ड पास झाला, तिकीट बंद झालं. आठवड्याने सुरक्षा-त्रुटी शोधणारा स्कॅनर तीच त्रुटी पुन्हा दाखवतो. मग स्कॅनरवरच शंका घेतली जाते, पण बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं. फाइलमध्ये लिहिलेलं व्हर्जन वेगळं आणि सर्व्हरवर चालणारं वेगळं, अशी गत झालेली असते. खालच्या बहुतेक चुका याच फटीतून शिरतात.

फक्त स्वतः लिहिलेल्या डिपेंडन्सी तपासणं

डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेली लॉगफोरजे या जावाच्या लॉगिंग लायब्ररीची त्रुटी, म्हणजेच लॉगफोरशेल, आजही यासाठी उत्तम धडा आहे. ब्राउझरचं नाव किंवा लॉगिनच्या रकान्यातला मजकूर लॉगमध्ये जाताना त्यात जेएनडीआयचा (नावावरून बाहेरच्या गोष्टी शोधून आणणारी जावाची सोय) ठरावीक पत्ता असला, की लायब्ररी तो पत्ता उलगडायला परक्या सर्व्हरकडे जात असे आणि तिथला कोड आपल्या सर्व्हरवर चालू शकत असे. कित्येक प्रोजेक्टांच्या पोम फाइलमध्ये लॉगफोरजेचं नावच नव्हतं. ते दुसऱ्या पॅकेजांच्या पोटातून आलेलं होतं.

म्हणून आधी मेव्हन या जावाच्या बिल्ड टूलची ‘डिपेंडन्सी:ट्री’ कमांड चालवा आणि कोणतं पॅकेज कोणामुळे आलं ते पाहा. या प्रकरणात दोष ‘लॉगफोरजे-कोअर’मध्ये होता, ‘लॉगफोरजे-एपीआय’मध्ये नाही. नुसतं एपीआय वाढवून काम झालं असं समजणं चूक, आणि नुसत्या एपीआयची जार (जावा लायब्ररीची फाइल) दिसली म्हणून घाबरणंही चूक.

एकाच पॅकेजची दोन व्हर्जनं दोन वाटांनी आली, तर मेव्हन नवं व्हर्जन निवडत नाही. आपल्या प्रोजेक्टपासून जी वाट जवळची, तिच्यावरचं व्हर्जन घेतं. अंतर सारखं असेल तर आधी लिहिलेलं. ग्रेडल हे दुसरं बिल्ड टूल मात्र मूळ सेटिंगमध्ये सर्वांत वरचं व्हर्जन घेतं. त्यामुळे मेव्हनमध्ये ‘डिपेंडन्सी-मॅनेजमेंट’ विभागात व्हर्जन ठामपणे बांधून टाका. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कचा स्टार्टर-पॅरेंट वापरत असाल, तर ‘लॉगफोरजे२.व्हर्जन’ ही प्रॉपर्टी बदलली की पुरतं. पण पॅरेंटऐवजी नुसता बीओएम (व्हर्जनांची तयार यादी) इम्पोर्ट केला असेल, तर या प्रॉपर्टीचा काहीही परिणाम होत नाही. तिथे आपली नोंद त्या इम्पोर्टच्या वर यायला हवी. इथे फार जण अडकतात, कारण एररही येत नाही.

आणखी एक लपण्याची जागा म्हणजे शेडेड जार. तिच्यात दुसऱ्या लायब्ररीचे क्लास आतच कोंबलेले असतात, कधी पॅकेजचं नावही बदललेलं असतं. फाइलच्या नावावरून शोधलं तर हाती काही लागत नाही. जारच्या आत ‘जेएनडीआयलुकअप’ हा क्लास शोधा. तो दुरुस्त व्हर्जनमध्येही असतो, म्हणून सापडला की लगेच निष्कर्ष काढू नका; ‘मेटा-इन्फ’ फोल्डरमधल्या पोम प्रॉपर्टीज फाइलमध्ये व्हर्जन पाहा.

पहिला पॅच शेवटचा समजणं

लॉगफोरजेचं २.१५.० आलं, पण दुरुस्ती अपुरी निघाली. २.१६.० मध्ये जेएनडीआय मूळ सेटिंगमध्येच बंद केलं. त्यातही सर्व्हर ठप्प करता येणारी वेगळी त्रुटी सापडली, म्हणून २.१७.० आलं, मग आणखी एका दोषासाठी २.१७.१. पहिल्याच दिवशी अपडेट करून थांबलेले लोक असुरक्षितच राहिले. मोठ्या त्रुटीचं तिकीट निदान महिनाभर उघडं ठेवा आणि अधिकृत सूचना पुन्हा पुन्हा वाचा.

एनपीएममध्ये ‘फोर्स’ लावणं

जावास्क्रिप्टच्या एनपीएम या पॅकेज मॅनेजरमध्ये ‘एनपीएम ऑडिट फिक्स’ला फोर्सचा पर्याय जोडला की तो मेजर व्हर्जनही बदलतो, कधी तर एखादं पॅकेज चक्क मागे नेतो. त्याऐवजी ‘एनपीएम एक्सप्लेन’ने दोषी पॅकेज कुठून आलं ते शोधा आणि आधी त्याच्या पालक पॅकेजचं अपडेट पाहा. ते नसेल तर पॅकेज-जेसनमध्ये ‘ओव्हरराइड्स’ लिहा (एनपीएम ८.३ पासून चालतं, आणि फक्त मुख्य प्रोजेक्टच्या फाइलमध्ये). टेस्ट चालवल्याशिवाय ते पुढे सोडू नका. सर्व्हरवरच्या बिल्डसाठी ‘इन्स्टॉल’ऐवजी ‘सीआय’ वापरा: ते लॉक फाइलबरहुकूम (तिच्यात प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन नोंदलेलं असतं) चालतं आणि ती पॅकेज-जेसनशी जुळली नाही तर थांबतं. लॉक फाइल गिटमध्ये हवीच.

फाइल बदलली, प्रोसेस जुनीच

लिनक्सवर ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी अपडेट केली तरी आधीपासून चालू असलेली प्रोसेस मेमरीतली जुनी लायब्ररीच वापरते. डेबियन आणि उबुंटूवर ‘नीडरीस्टार्ट’ अशा सर्व्हिसेस दाखवतं. कंटेनरमध्ये बेस इमेज (जिच्यावर आपली इमेज बांधली जाते ती) नव्याने ओढली नाही, तर बिल्ड जुन्या कॅशवरच उभा राहतो. बिल्ड करताना ‘पुल’चा पर्याय द्या आणि तयार झालेली इमेज ट्रिव्हीसारख्या स्कॅनरने तपासा. सोर्स कोड तपासून इमेज तपासल्यासारखं होत नाही.

स्कॅनरची व्याप्ती न पाहणं

इक्विफॅक्स या अमेरिकेतल्या क्रेडिट-माहिती कंपनीत २०१७ साली हेच महागात पडलं. अपाचे स्ट्रट्स या जावाच्या वेब फ्रेमवर्कचा पॅच मार्चमध्ये आला होता, कंपनीने स्कॅनही केला होता, पण दोषी स्ट्रट्स त्यात दिसलंच नाही. मे महिन्यात हल्लेखोर शिरले आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. स्कॅन कोणते फोल्डर, कोणत्या इमेज आणि कोणते सर्व्हर पाहतो, याची यादी हातात ठेवा. स्कॅनर खरंच पकडतो का, हे बघायला वेगळ्या टेस्ट प्रोजेक्टमध्ये मुद्दाम एक जुनं पॅकेज ठेवून पाहा.

नुसता आकडा वाचून घाबरणं

डेबियनसारखी लिनक्स वितरणं पुष्कळदा नवं व्हर्जन न घेता जुन्यातच दुरुस्ती बसवतात. ओपनएसएसएलमधल्या हार्टब्लीड या त्रुटीचा पॅच मूळ ओपनएसएसएलच्या १.०.१जी मध्ये आला. डेबियन ७ ने तो आपल्या १.०.१ई पॅकेजमध्येच घातला. अशा वेळी मूळ प्रकल्पाचा आकडा नव्हे, तर वितरणाच्या सुरक्षा-सूचनेत दिलेला पॅकेजचा पूर्ण क्रमांक जुळवून पाहावा.