ट्रिगर घरी पास, टेबलावर नापास: २५ मीटर पिस्तूलवाल्यांनो, या चुका टाळा

बालेवाडीच्या रेंजवर मॅचच्या दिवशी इक्विपमेंट कंट्रोलच्या (मॅचआधी पिस्तूल तपासतात त्या टेबलाच्या) रांगेत उभं राहा, एक-दोन पडलेले चेहरे दिसतातच. पिस्तुलाची नळी सरळ वर, १००० ग्रॅमचं वजन ट्रिगरच्या मधोमध अडकवलेलं. ते टेबलावरून पूर्ण उचललं गेलं पाहिजे आणि तोवर ट्रिगर सुटता कामा नये. वजन जरा हललं की ‘टक्’. मग ठरलेलं वाक्य: "सर, काल रात्री तर बरोबर होतं!"

काल रात्रीही नव्हतं. मोजण्यात गफलत होती. घरी आपण स्प्रिंगचा काटा घेतो, पिस्तूल आडवं धरतो आणि हूक जिथे बसेल तिथे लावतो. ट्रिगर वरच्या पिनेवर फिरतो. त्यामुळे हूक पिनेजवळ लागला तर आकडा जास्त येतो, खालच्या टोकाला लागला तर कमी. दोन-तीन मिलिमीटरनेही फरक पडतो. क्लबमधलं लोंबतं वजन मागून घ्या आणि टेबलावर करतात तसंच मोजा. मी १०३० ग्रॅमच्या आसपास ठेवतो. काठावर १००० ठेवलं आणि मॅचआधी आतल्या भागांना तेल दिलं की वजन उतरलंच म्हणून समजा.

ट्रिगरचं वजन बदलणाऱ्या स्क्रूला हात लावण्याआधी मॅगझिन बाहेर, बोल्ट मागे, चेंबर डोळ्यांनी पाहायचं आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत. पॉइंट टू-टूला (.२२ बोअरच्या पिस्तुलाला) ड्राय फायर, म्हणजे गोळीविना ट्रिगर दाबण्याचा सराव, करताना चेंबरमध्ये प्लग हवाच. नाहीतर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आदळून तिथे खड्डा पाडते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एकाच बैठकीत तीन स्क्रू फिरवणं. पहिल्या स्टेजचं (सुरुवातीच्या ओढीचं) वजन, दुसऱ्या स्टेजचं (गोळी सोडणाऱ्या शेवटच्या दाबाचं) वजन आणि मागचा स्टॉप (सुटल्यावर ट्रिगरला अडवणारा), तिन्ही एकमेकांत गुंतलेले असतात. दुसरी स्टेज हलकी केली की एकूण वजनही खाली येतं, ते पहिल्या स्टेजमध्ये भरून काढावं लागतं. एकदा मी मोजदाद न ठेवता असा घोळ घातला आणि मूळ जागा शोधण्यात अख्खा रविवार गेला. तेव्हापासून पाव फेरी, मग वजन, मग वहीत नोंद.

ट्रिगर कधी सुटतो, कधी अडतो? स्टॉप फार आवळलाय. सुटल्यावर बोट जराही पुढे जाऊ नये म्हणून लोक तो घट्ट करतात. थोडी घाण साचली की सिअर (हॅमर, म्हणजे आतला हातोडा, धरून ठेवणारा तुकडा) पूर्ण मोकळा होत नाही. नीट सुटेपर्यंत सैल करा, वर पाव फेरी जास्त.

बोल्ट पुढे आदळताच हॅमर पडतो किंवा एका दाबात दोन गोळ्या जातात? तिथेच थांबा. सिअरची पकड कमी झाली आहे. हे घरी दुरुस्त करायचं काम नाही; पिस्तूल रिकामं करून परवानाधारक आर्मररकडे न्या.

आणि शॉट सतत खाली-डावीकडे जात असतील (उजव्या हाताच्या नेमबाजाचे), तर वजन कमी करून काही होत नाही. बहुतेक वेळा ट्रिगरचं पातं (बोट टेकतं तो भाग) बोटाच्या मापाला बसलेलं नसतं आणि बोट सरळ मागे न येता बाजूला ढकलतं. पातं पुढे-मागे, जरा तिरकं करून बघा. त्यानंतर वजन पुन्हा तपासा, हे विसरलं जातं. २०१८च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटरचं सुवर्ण जिंकलं, ते याच १००० ग्रॅमच्या नियमात.

रॅपिडमध्ये (दर शॉटला तीनच सेकंद मिळतात त्या भागात) तर फार हलकी पहिली स्टेज घातकच. तेवढ्यात हात ४५ अंशांवरून वर येतो आणि वर येतानाच पहिली स्टेज घ्यायची असते. बोटाला ती कळलीच नाही तर गोळी लक्ष्याखालीच सुटते.

बदल केल्यावर रेंजवर मॅगझिनमध्ये आधी एकच गोळी, मग दोन, मग पाच. पाचही नीट गेल्या की स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारी मार्करने एक बारीक रेघ मारून ठेवा. प्रवासात स्क्रू सरकला तर ती तुटलेली दिसते.