थंडीत खुराड्यात दिवा लावायचा की नाही?

दिवस थंड झाले की अंडी कमी होतात आणि सगळे थंडीला दोष देतात. खरं कारण बहुतेक वेळा लहान झालेला दिवस असतं. उजेड कोंबडीला डोळ्यांनी दिसतोच, शिवाय तो कवटीतून आत शिरून मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींपर्यंत पोचतो. तिथून संप्रेरकांची साखळी सुरू होते आणि अंडाशय कामाला लागतं. दिवस १४ तासांच्या आसपास असला की अंडी नियमित येतात, १२ तासांच्या खाली गेला की कोंबडी हात आखडता घेते. विषुववृत्तापासून २० अंशांवर वर्षातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा असतो, ४० अंशांवर सव्वानऊचा, ५० अंशांवर जेमतेम आठचा. तुम्ही कुठे राहता यावर किती तासांची भर घालायची ते ठरतं.

आधी कोंबडी तपासा

दिवा विकत आणण्याआधी रात्री दांड्यावर बसलेली कोंबडी हळूच उचलून बघा. मानेवरची पिसं बोटांनी उलटी फिरवा. खाली नळीसारखी, आवरणात गुंडाळलेली नवी टोकं दिसली तर ती पिसं बदलतेय. पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचंच असतं. खाद्यातली प्रथिनं सध्या तिकडे चालली आहेत. तिला दिवा नको. पिसं बदलायला साधारण दोन-तीन महिने लागतात, ते होऊ द्या.

मग शेपटीखाली, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंची टोकदार हाडं चाचपा. मध्ये दोन-तीन बोटं मावली आणि तुरा लाल, भरलेला असला तर ती घालतेय. जेमतेम एक बोट मावतंय, तुरा फिका आणि सुकलेला, पण पिसं मात्र पूर्ण भरलेली: दिव्याचा खरा उपयोग हिला.

तलंगांचं, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या किंवा नुकत्याच आलेल्या तरुण कोंबड्यांचं, गणित वेगळं. पहिल्या हिवाळ्यात बऱ्याच तलंगा दिव्याशिवायही घालतात. २० आठवड्यांच्या आतल्या तलंगांना वाढता उजेड देऊच नका. हाडापेराने पुरत्या भरण्याआधीच त्या अंड्यावर येतात. मग अंडी बारीक, अंडं अडकणं, अंग (अंडनलिका) गुदद्वारातून बाहेर येणं, अशी रांग लागते. त्या मोठ्या कोंबड्यांसोबतच राहत असतील तर आधी त्यांची सोय वेगळी करा, दिव्याचं नंतर बघा.

घरापुरत्या चार-पाच कोंबड्या, त्याही तिसऱ्या वर्षातल्या, तर दिव्याच्या भानगडीत पडू नये असं आमचं मत. अंडी विकायची आहेत आणि कळप दोन वर्षांच्या आतला आहे, तर दिवा परवडतो. ‘दिव्याने पोटातली अंडी लवकर संपतात’ असं सर्रास म्हणतात, त्यात तथ्य नाही. पिल्लू जन्मतःच हजारो बीजांडं घेऊन येतं, त्यातली थोडीच कधी अंडी होतात. कमी होते ती विश्रांती, आणि म्हाताऱ्या कोंबडीला तीच हवी असते.

दिवा कोणता आणि कुठे

१० बाय १० फुटांच्या खुराड्याला पिवळसर उजेडाचा, ४०० ल्युमेनच्या (ल्युमेन हे दिव्याच्या उजेडाचं माप, खोक्यावर लिहिलेलं असतं) आसपासचा एक एलईडी पुरतो. म्हणजे ४–५ वॅट. याच्या चौथाई जागेला १०० ल्युमेनही पुरे. पांढऱ्याशुभ्र उजेडापेक्षा पिवळसर बरा, कारण तांबड्या छटेचा उजेड कवटीतून जास्त आत जातो. मोजायला यंत्र नको: कोंबडीच्या डोळ्यांच्या उंचीला वर्तमानपत्र धरा, मजकूर वाचता आला की झालं. त्याहून भडक उजेड ठेवला की कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, टोचून रक्त काढतात.

दिवा खाद्य आणि दांड्यांवर उजेड पडेल असा टांगा. अंडी घालायची खोकी अंधारातच राहू द्यात. होल्डर जाळीचा आणि बंदिस्त हवा. तो वायरीवर लोंबकळत ठेवू नका, साखळीने पक्का बांधा. वायर पाइपातून न्या, नाहीतर उंदीर कुरतडतात. कनेक्शन ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीवरून, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवरून घ्या. धूळ आणि कोळिष्टकं आठवड्याला पुसा. धुळीने उजेडही घटतो. टेफ्लॉनचं आवरण असलेला ‘न फुटणारा’ बल्ब चुकूनही लावू नका, तापल्यावर त्याची वाफ पक्ष्यांचा जीव घेते.

हा दिवा ऊब देण्यासाठी नाही. खाली भुश्याची कोरडी गादी आणि वरून हवा खेळती असली की मोठी कोंबडी थंडी सहज सोसते. २५० वॅटचा उष्णता-दिवा गादीवर पडला की आग लागते.

वेळ

वाढीव उजेड पहाटेच द्या. संध्याकाळी दिवा फटकन बंद झाला की खाद्याजवळ उभ्या असलेल्या कोंबड्या जागच्या जागी अडकतात. अंधारात त्यांना दांडा दिसत नाही, मग रात्रभर खालीच कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसतात. पहाटे दिवा लावला तर संध्याकाळ आपली आपण मावळते आणि त्या वेळेवर दांड्यावर जातात.

समजा सूर्योदय ७ ला, सूर्यास्त ६ ला. दिवस ११ तासांचा, म्हणजे ३ तास कमी. पहिल्या आठवड्यात दिवा साडेसहाला लावा, दुसऱ्यात ६ ला, असा आठवड्याला अर्धा तास मागे सरकत सहाव्या आठवड्यात ४ वर या. बंद मात्र सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने, खुराड्यात बाहेरचा उजेड नीट आल्यावर करा. एकूण १६ तासांच्या वर जाऊ नका. आठ तास पूर्ण काळोख लागतोच.

हाताने बटण दाबणं चार दिवस जमतं, म्हणून टायमर लावा, तोही बॅटरीवाला. साधा चक्रीचा टायमर लाइट गेली की थांबतो, आणि दोन-तीनदा लाइट गेली की पहाटे ४ चा दिवा सकाळी ७ ला लागू लागतो. आठवड्यातून एकदा त्याचं घड्याळ मिळवून बघा.

दिवा लागला की खाद्य-पाणी समोर हवं. पहाटे जाग्या झालेल्या रिकामटेकड्या कोंबड्या टोचाटोचीच करतात. दिवसाला प्रत्येकी ११०–१२० ग्रॅम लेयर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) द्या, १६–१८ टक्के प्रथिनांचं आणि ३.५–४ टक्के कॅल्शियमचं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. फरक दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. महिनाभराने काहीच हललं नाही तर तास वाढवू नका. खाद्य, जंत आणि उवा तपासा.

बंद करताना

हिवाळा सरायच्या आत दिवा एकदम काढला तर कळपाची पिसं ऐन थंडीत गळतात. म्हणून दिवस वाढू लागले की जितका बाहेरचा उजेड वाढेल तितकाच पहाटेचा कमी करत जा, बेरीज १४ तासच राहील. २० अंशांच्या आसपास ही बेरीज आपोआप कधीच जमत नाही. तिथे सर्वांत मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आतलाच. तेव्हा ऊब आल्यावर आठवड्याला १५ मिनिटं कमी करत दिवा उतरवा, अंडी जराशी कमी होतील ती होऊ द्या.