बहात्तरचा दुष्काळ आजी-आजोबांकडून असा लिहून घ्या

केज तालुक्यातल्या आमच्या शाळेत सातवीच्या पोरांना मी दरवर्षी हे काम लावते: घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून बहात्तर लिहून आणा. पहिल्या दिवशी वहीत एकच ओळ येते, ‘लई हाल झाले.’ ‘दुष्काळ कसा होता?’ असं विचारल्यावर दुसरं काय येणार!

दुष्काळाचं नावच काढू नका. तेव्हा सरकारनं काढलेल्या दुष्काळी कामाचं विचारा. रस्त्यावर होतात, पाझर तलावावर की नालाबांधावर? घरून निघताना फडक्यात काय बांधलेलं असायचं? तान्हं लेकरू कुणापाशी ठेवायचात? मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव कुणाचं, आणि हप्ता, म्हणजे आठवड्याची मजुरी, कुणाच्या हातात पडायचा? हा शेवटचा प्रश्न बाईला एकटीला गाठून विचारावा. नवरा बाजेवर बसलेला असला की उत्तर तोच देतो.

आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी बोलता बोलता घरातला हातोडाच मागवला. ओट्यावर दगड ठेवला, डाव्या हाताच्या बोटांना चिंधी कशी गुंडाळायची ते दाखवलं, आणि दोन घावांत त्याची खडी केली. अंगठ्याचं ठेचलेलं नख अजून वाकडंच वाढतं, तेही पुढे केलं. असं कुणी करून दाखवायला लागलं की मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा आणि तोंड बंद ठेवा.

मग खाणं. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, म्हणजे मिलो, आणि कामावर वाटली जाणारी सुकडी, एवढी दोन नावं तुम्ही घेतलीत तरी पुरे. तेव्हा लहान असलेले सुकडीची आठवण चवीनं काढतात. मिलोच्या भाकरीचं कौतुक मात्र मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

तारखा मागू नका. शाळेच्या दाखल्यावर अर्धं गाव १ जूनला जन्मलेलं असतं, त्यावर तर मुळीच जाऊ नका. ‘थोरलीचं लग्न आधी की खडी आधी?’ असं विचारलं की साल आपोआप जुळतं. पाऊस १९७० पासूनच दगा देत होता, १९७२ ला कहर झाला, आणि मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. म्हणून लोकांचं बहात्तर त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातही चालूच असतं. त्या कामांना कुणी ‘रोजगार हमी’ म्हणेल. हमीचा कायदा १९७७ चा, लागू झाला १९७९ ला. पण बोलणाऱ्याला तिथंच दुरुस्त करू नका, वहीच्या कडेला खूण करून पुढे चला.

‘तवा पाणी होतं, दाणा नव्हता, आता दाणा हाय, पाणी न्हाई,’ हे वाक्य दहातले आठजण ऐकवतील. तिथं थांबू नका. कुणाची विहीर, पाणी किती परसावर (म्हणजे किती पुरुष खोल), पोहरा ओढायचं कोण आणि वरून कुणी ओतण्याची वाट बघत ताटकळायचं कोण? याचं उत्तर वाड्यात एक मिळतं आणि दलित वस्तीत दुसरं. दोन्हीकडे बसायचं नसेल तर ‘गावाचा दुष्काळ’ असं नाव देऊ नका.

कागद शोधायचे तर जुना जिल्हा धरा. तेव्हा मराठवाड्यात पाचच जिल्हे होते: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. जालना १९८१ ला झाला, लातूर १९८२ ला, हिंगोली १९९९ ला. म्हणजे लातूरकरांनी आधी उस्मानाबादच्या नावाखाली बघावं, हिंगोलीकरांनी परभणीच्या.

पाटलाच्या सुना तोंड झाकून खडीवर यायच्या, असलं काही कळलं तर घरच्यांना विचारल्याशिवाय नाव छापू नका. आणि रेकॉर्डिंग झाल्या झाल्या फाइलला गाव, माणूस नि तारीख घाला. ‘न्यू रेकॉर्डिंग ७’ मध्ये कोण बोलतंय, हे दिवाळीपर्यंत तुम्हालाही सांगता येणार नाही.